मावशीला बसायला कुठे आहे?

"पाच माणसं आहेत. शनिवार-रविवार पुणं दाखव. काय काय बघायचं, यादी करून ठेव."

अंबाजोगाईच्या मावसभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा हा फोन गेल्या उन्हाळ्यातला. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला असा फोन वर्षातून दोन-तीनदा येतोच. कुणाच्या पोराची इंजिनिअरिंगची ॲडमिशन असते, कुणाला ससूनला दाखवायचं असतं, कुणाचं लग्न असतं. दादाचा थोरला सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याला भेटायचं होतं आणि त्या निमित्तानं पुणंही बघून व्हायचं होतं. दादा, वहिनी, आठवीतली मुलगी, सहा वर्षांचा धाकटा आणि दादाची आई, म्हणजे माझी मावशी. तिचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

मी यादी केली. अकरा ठिकाणं. शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ, कसबा गणपती, केळकर संग्रहालय, पर्वती, सारसबाग, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर, कात्रजचं प्राणिसंग्रहालय, आणि वेळ उरला तर सिंहगड. एक गाडी ठरवली. शनिवारी सकाळी आठला निघालो आणि रात्री नऊला परतलो. अकरातली सात ठिकाणं 'झाली'. हे 'झालं' क्रियापद नीट ऐका. आपण शहर बघत नाही, ते उरकतो.

शनिवारवाड्यात मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं. दिल्ली दरवाज्यातून आत शिरल्यावर मावशी थांबली, चौफेर बघितलं आणि म्हणाली, "अन् वाडा कुठंय?" या प्रश्नाला उत्तर नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८ च्या आगीत गेला. उरली ती तटबंदी, दरवाजे, जोती आणि कोरडी कारंजी. ज्याला इतिहास ठाऊक आहे, तो जोत्यांवर वाडा उभा करू शकतो. मावशीला तिथं फक्त हिरवळ आणि ऊन दिसत होतं. बुरुजांच्या पायऱ्या तिला चढवेनात. सावलीतल्या जागा आधीच धरलेल्या होत्या.

दुपारी माझ्या लक्षात आलं की मावशी सकाळपासून पाणीच पीत नाहीये. बाटली पुढे केली की ओठ ओले करून परत द्यायची. वहिनीचंही तेच. मी विचारलं, तर वहिनी हळूच म्हणाली, "मधी कुठं जाता येतंय का नाही, म्हणून." खेड्यातून शहरात आलेली प्रत्येक बाई हा हिशोब घरातून निघतानाच करते. तहान मारायची, म्हणजे पुढची पंचाईत टळते. मी वीस वर्षं पुण्यात राहते आणि माझ्या यादीत अकरा प्रेक्षणीय स्थळं होती, स्वच्छतागृह एकही नव्हतं.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की 'नवीन शहरात कुटुंबानं काय बघावं' हा प्रश्न आपण चुकीच्या टोकानं धरतो. तो पर्यटनाचा वाटतो, पण आहे नागरी सोयींचा. ज्या शहरात तीन पिढ्यांचं एक कुटुंब दिवसभर घराबाहेर राहू शकतं, ते शहर बघण्यासारखं. आणि ते किती बघून होणार, हे त्या कुटुंबातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसावर ठरतं, सगळ्यात उत्साही माणसावर नाही.

हा प्रश्न आताच का, याला एक कारण आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहेच. या योजनांवर राजकीय वाद घालायचा तर घाला, पण कुठल्याही स्टँडवर पाच मिनिटं उभं राहून बघा. ज्या बायका माहेर, सासर आणि देवस्थान यांपलीकडे क्वचित गेल्या, त्या आता पिशवी घेऊन लांबच्या गाडीत बसताना दिसतात. मावशीची थोरली जाऊ, जिनं पुणं फक्त नातवाच्या मोबाईलवर पाहिलं होतं, ती आता "माझं तर तिकीटच लागत नाही" असं ऐटीत सांगते. म्हणजे राज्यानं म्हातारीला स्वारगेटपर्यंत आणून सोडलं. स्वारगेटला उतरल्यावर तिनं टेकायचं कुठं, हे मात्र कुणाच्याच योजनेत नाही.

आमच्या शहराला वाटतं की पाहुण्यांसाठी आणखी 'स्थळं' हवीत. एखादं भव्य स्मारक, एखादं कारंजं, एखादा सेल्फी पॉइंट. मला वाटतं, स्थळं भरपूर आहेत. एका स्थळापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यातच घोडं अडलेलं आहे. लाल महाल ते कसबा गणपती हे अंतर नकाशावर हाकेचं. मावशीचा हात धरून ते चालून बघा. पदपथ मध्येच संपतो, जिथं आहे तिथं त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात, उतरावं तर मागून हॉर्न वाजतो. पन्नास पावलांत तीन वेळा पायरी चढा-उतरायची. धाकट्याचा हात सोडायची सोय नाही, म्हणून वहिनीला मान वर करून काही बघताच येत नाही. तिनं अख्खी कसबा पेठ मुलाच्या मनगटाकडे बघत पार केली.

कसबा पेठेत खरं तर बघण्यापेक्षा ऐकण्यासारखं काही आहे. तांबट आळीत अजून तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडतात. घंगाळाला, हंड्याला तो चमचमता मठार हातानं, एकेका ठोक्यानं येतो. यादीतल्या सातही ठिकाणी कंटाळलेला धाकटा तिथं एका दुकानाच्या पायरीशी वीस मिनिटं गप्प उभा राहिला. आम्हीच घाई करून त्याला ओढत नेलं, कारण आगाखान पॅलेस 'करायचा' होता.

आगाखान पॅलेसबद्दल वाईट बोलवणार नाही. तिथं झाडं आहेत, मोकळं आवार आहे, व्हरांडे आहेत. १८९२ साली दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधलेली ही वास्तू. पुढे इथंच कैदेत असताना १९४२ ला महादेवभाई देसाई वारले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. मावशी कस्तुरबांच्या समाधीपाशी बसली आणि बराच वेळ उठली नाही. "नवऱ्यापाशीच गेली," एवढंच म्हणाली. तिला गांधी-इर्विन करार माहीत नाही, पण तुरुंगात नवऱ्याच्या मांडीवर प्राण सोडलेल्या बाईची गोष्ट तिला कुणी समजावून सांगावी लागली नाही. आणि हे घडलं, कारण तिथं बसायला जागा होती. पायातली कळ थांबल्याशिवाय डोकं चालत नाही, हे आपण म्हाताऱ्यांच्या बाबतीत विसरतो.

आता दुसरी बाजू. दादाचंच म्हणणं असं की, "पैसे घालून आलोय, परत कधी येणं होईल देव जाणे, तर जास्तीत जास्त बघू की." यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? सुट्टी न मिळणाऱ्या, शेतीवरून दोन दिवस काढून आलेल्या माणसाला 'सावकाश बघा' हा सल्ला पोटभरल्या माणसाचा वाटू शकतो. म्हणूनच पीएमपीच्या पुणे दर्शन बसला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. त्या बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला दिवसभर हक्काची सीट मिळते, रिक्षावाल्याशी घासाघीस नाही, वाट चुकायची भीती नाही. एकट्यादुकट्या ज्येष्ठांसाठी ती सोय चांगलीच आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला 'इथं वीस मिनिटं' ही भाषा कळत नाही. त्याला ठोके ऐकायचे असतात.

दिवाळीनंतर तीच पाच माणसं पुन्हा आली. परत कधी येणं होईल देव जाणे म्हणणारा दादाच सहा महिन्यांत आला, हा अर्ध्या तिकिटाचा महिमा. या वेळी मी यादी केली नाही. एक दिवस, एक मोहल्ला, एवढंच ठरवलं. गाडीही केली नाही.

स्वारगेटला एसटीतून उतरलो आणि तिथूनच मेट्रोत शिरलो. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून पेठांत शिरायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, पण आम्ही पुणेकर तो पाहुण्यांना सांगत नाही. आम्हाला अजून तो आपला वाटत नाही. पुढचंच स्थानक मंडई. लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, खाली गार आहे. धाकट्याच्या दृष्टीनं तर सहल इथंच वसूल झाली. मावशीनं सरकत्या जिन्याला पायच लावला नाही, "मला नेतोय का पाडतोय," म्हणत लिफ्टनं वर आली. खरं सांगायचं तर पुण्यातलं एक चांगलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे मंडईचं मेट्रो स्थानक. हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

वर आलं की महात्मा फुले मंडई. १८८६ साली बांधलेली, मध्ये मनोरा, त्याभोवती फाकलेल्या पाकळ्यांसारखे गाळे. आठवीतल्या भाचीला मी तिथं एक गोष्ट सांगितली. ज्या माणसाचं नाव या इमारतीला आहे, तो नगरपालिकेचा सदस्य असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध करणारा होता. एवढा पैसा भव्य बाजारासाठी घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असं जोतीरावांचं म्हणणं होतं. भाचीनं लगेच विचारलं, "मग त्यांचंच नाव कसं दिलं?" एखादं शहर बघायला आलेल्या मुलीनं यापेक्षा चांगला प्रश्न विचारणं अवघड आहे. मी तिला तसंच रिक्षानं गंज पेठेत फुले वाड्यावर नेलं. तिथला हौद दाखवला, जो १८६८ साली फुल्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. भिडे वाडा मात्र दाखवता आला नाही. १८४८ ला जिथं मुलींची शाळा भरली, ती मोडकळीला आलेली वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. तिथं स्मारक व्हायचं आहे. स्मारक भव्य होईलच. माझी मागणी एवढीच की त्यात बसायला बाकं असावीत आणि मुलींसाठी स्वच्छतागृह असावं. ज्या कारणामुळे आजही मुली शाळा सोडतात, त्यात ते एक आहे.

फुल्यांचा तो खर्चाचा वाद जुना झालेला नाही. शहराचा पैसा दिसण्यावर घालायचा की वापरण्यावर, हाच आजचाही प्रश्न आहे. जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेनं काही वर्षांपूर्वी पदपथ रुंद केले, बसायला जागा केल्या, मुलांना खेळायला काहीबाही ठेवलं. दुकानदारांनी, वाहनवाल्यांनी तेव्हा खूप नावं ठेवली. पार्किंग गेलं म्हणून अजूनही ठेवतात. मी त्या रस्त्यावर मावशीला संभाजी उद्यानापासून पाताळेश्वरापर्यंत चालवत नेलं, आणि ती चालली! मध्ये दोनदा बसली, येणारे-जाणारे बघत. आठव्या शतकातलं, एका कातळात खोदलेलं, अर्धवट सोडलेलं ते देऊळ, पुढे तो गोल छत्रीसारखा नंदीमंडप. रस्त्यावरच्या गोंगाटातून चार पायऱ्या खाली उतरलं की गारवा. मावशी त्या खांबाला टेकून म्हणाली, "हे बरंय. हे कुणी जाळलं न्हाई." शनिवारवाडा तिच्या मनातून गेला नव्हता.

जे जंगली महाराज रस्त्यावर जमलं, ते लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला जमतं. म्हणजे वर्षातून एक दिवस. २०२१ पासून त्या दिवशी पादचारी दिन म्हणून रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद करतात. लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, पोरं खेळतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि बारा तारखेला पुन्हा होते ती स्थिती. पोळ्याला बैल पूजायचा आणि दुसऱ्या दिवशी औताला जुंपायचा, तसला हा प्रकार. पाहुणे अकरा डिसेंबर बघून येत नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पुणेकरच घेतात. आमचेच हाल कुत्रं खात नाही, आणि तुम्ही बाहेरून येणाऱ्यांची काळजी करा म्हणता? अहो, बाकाला आधार कार्ड लागत नाही. जी पायरी माझ्या मावशीला चढवत नाही, ती तुमच्या आईलाही चढवत नाही. फरक इतकाच, की तुमच्या आईनं बाहेर पडणं सोडून दिलंय, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. पाहुणा आला की शहराच्या उणिवा उघड्या पडतात, कारण त्याला वळसे माहीत नसतात. पुण्यातच २०१६ च्या सुमाराला जुन्या बसची महिला स्वच्छतागृहं करून 'ती' नावानं उभी केली होती. कल्पना आपल्याला सुचत नाहीत असं नाही. एवढ्या मोठ्या शहराला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सोयीनं भागत नाही, आणि केलेली सोय रोज झाडून-पुसून चालू ठेवण्याला उद्घाटनासारखा हार घालता येत नाही, एवढंच.

सोय करणं महापालिकेच्या हातात आहे. सुचवणं मात्र आपल्या हातात, आणि त्यातही आपण चुकतो. आपण पाहुण्याला आपल्याला अभिमान असलेलं पुणं दाखवतो, त्याला हवं असलेलं नाही. सिंहगडचंच बघा. गड थोरच. पण अंबाजोगाईच्या माणसाला रविवारच्या गर्दीत घाटात तासभर अडकवून, वर नेऊन काय खायला घालतो आपण? पिठलं-भाकरी! वहिनी मागच्या खेपेला म्हणाली होती, "ताई, दोन दिवस तरी भाकरीपासून सुट्टी होती मला." आणि माझी चूक याहून मोठी. त्या खेपेला मी दोन्ही दिवस सगळ्यांचा स्वयंपाक पहाटे उठून केला होता, डबे भरले होते, आणि वहिनी पाहुणी असून पोळ्या लाटायला बसली होती. कौटुंबिक सहलीत घरातली बाई सहलीला गेलेली असते की फक्त तिच्या चुलीची जागा बदललेली असते, हेही कुणीतरी विचारायला हवं. दुसऱ्या खेपेला मी जाहीर केलं की घरी फक्त चहा होईल. तुळशीबागेत वहिनी आणि भाची तीन तास होत्या. काय घेतलं? दोन क्लिपा, एक पितळी समई आणि भातुकलीचा डबा. दादा कंटाळला. कंटाळू दे की.

मावशी आणि मी तोवर केळकर संग्रहालयात. दिनकर केळकरांनी जन्मभर हिंडून, वाड्या-वस्त्यांतून वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्या लोकांना देऊन टाकल्या. मार्गदर्शक मंडळी मस्तानी महालाकडे घेऊन जातात. मावशी अडकली अडकित्त्यांपाशी. मग दिवे, कुलपं, आणि पाय घासायच्या वज्रीपाशी तर हसायलाच लागली. "असली आमच्यात होती. आत्याबाईंची. मोडीत घातली, तीन रुपयाला." मागे उभी असलेली कॉलेजची दोन मुलं थांबली. त्यांनी तिला विचारलं, हे कशासाठी असतं आजी? आणि पुढचा अर्धा तास त्या दालनात मावशी सांगत होती आणि ती मुलं ऐकत होती. पाटीवर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त. पुढच्या मजल्यावर ती चढली नाही, मी आग्रहही केला नाही. संग्रहालय 'झालं' नाही.

रविवारी दुपारी मी विचारलं, आता काय बघायचं? सारसबागेतला तळ्यातला गणपती आहे, थंडी पडली की त्याला स्वेटर घालतात, पोराला मजा वाटेल. दादा गप्प. मग मावशीच म्हणाली, "पोरगं बसतंय ती जागा दाखव की." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन खेपा झाल्या, पण जिच्यासाठी ही माणसं खरं तर आली होती ती जागा माझ्या कुठल्याच यादीत नव्हती. त्याची मेस, कॉटबेसिसवरची खोली, त्याची अभ्यासिका. पुण्यात दरवर्षी अशी कितीतरी कुटुंबं येत असतील, ज्यांच्यासाठी शहरातलं पहिल्या क्रमांकाचं ठिकाण एखाद्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरची तीन फुटांची फळी असेल.

अभ्यासिकेत बाहेरच्यांना सोडत नाहीत. रविवार होता, मुलं तरी भरलेली होतीच, कुणी मान वर करत नव्हतं. दारावरच्या माणसानं मावशीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाच मिनिटं, आजी. आवाज नको." दोन जिने होते. या खेपेला ती चढली, प्रत्येक पायरीवर थांबत. नातवानं आपली खुर्ची मागे ओढली. ती बसली. समोर महाराष्ट्राचा नकाशा चिकटवलेला होता, त्यावर तिनं बोट फिरवलं, अंबाजोगाई शोधत असावी. मग खालच्या आवाजात त्याला काहीतरी विचारलं. त्यानं कोपऱ्यातल्या दाराकडे बोट दाखवून मान हलवली. बाथरूम तिथंच होतं.

"मग दे," ती म्हणाली, आणि त्याच्या टेबलावरची पाण्याची बाटली घेऊन तिनं अर्धी संपवली.